घरातली ओल आणि डिह्युमिडिफायर: कुणाकडे आहे? कसा वापरता?

पागोळी | ५ जुलै, २२:१४

गेल्या वर्षी मे संपता संपता आम्ही डिह्युमिडिफायर घेतला. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून विचारतंच, "ते पाणी ओढणारं मशीन कसं आहे गं? घेऊ का?" दर वेळी तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून हा धागा. इथे शोधलं तर एसी आणि वॉटर प्युरिफायरवर ढीगभर धागे सापडले, यावर एकही नाही.

आम्ही फोंड्याला राहतो. गोव्यात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आमच्याकडे घाट जवळ म्हणून किनाऱ्यापेक्षा थोडा जास्तच. घर जांभ्याचं, कौलारू. मागच्या अंगाला नंतर बांधलेली स्लॅबची एक खोली आहे. सासऱ्यांची पुस्तकं, पेटी, नवऱ्याचे कॅमेरे आणि माझ्या रेशमी साड्यांचं कपाट असं सगळं जिवापाड जपायचं सामान नेमकं त्याच खोलीत. जून उजाडला की पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट पीठ, चामड्याच्या पट्ट्यांवर पांढरी लव, पेटीच्या काळ्या पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात. कापूर, कडुनिंबाचा पाला, कपाटात ४० वॅटचा बल्ब, सगळे उपाय झाले होते.

मशीन कॉम्प्रेसरवालं आहे, २० लिटरचं (ही दिवसाला पाणी काढायची क्षमता, टाकीचं माप नव्हे), किंमत २२ हजारांच्या आत. आत फ्रिजसारखीच यंत्रणा. पंखा खोलीतली हवा ओढून गार नळ्यांवरून नेतो, बाष्पाचं पाणी होऊन टाकीत ठिबकतं, मग तीच हवा गरम नळ्यांवरून बाहेर येते. त्यामुळे यातून गार हवा येत नाही, उलट खोली दोन-तीन अंशांनी तापते. हे आधीच ठळक करून ठेवते, कारण निम्म्या लोकांना तो छोटा एसी वाटतो.

अनुभव असा: सुरुवातीचे काही दिवस दारं-खिडक्या बंद करून अखंड चालू ठेवलं तरी आर्द्रता ९० टक्क्यांवरून ७० पर्यंतच यायची. टाकी मात्र दिवसातून दोनदा भरत होती. मग हळूहळू ६०, आणि आता ५५ वर लावून ठेवलंय. भर पावसात ते दिवसाला नऊ-दहा तास चालतं, तीनेक युनिटं जातात. गोव्यात घरगुती वीज स्वस्त आहे, महाराष्ट्रातल्यांनी आपापल्या बिलाप्रमाणे हिशेब करावा.

फायदा? यंदा पुस्तकांवर बुरशी नाही, खोलीला तो कुबट वास नाही. आणि एक अनपेक्षित फायदा: धुतलेले कपडे रात्री त्या खोलीत दांडीवर टाकले की सकाळी कडकडीत. श्रावणात शाळेचा युनिफॉर्म वाळवायचं टेन्शन ज्यांना माहीत आहे त्यांना याची किंमत कळेल.

तोटे म्हणजे आवाज (जुन्या फ्रिजपेक्षा मोठा, त्या खोलीत झोपणं अवघड), टाकी ओतायचं काम, आणि दार उघडं ठेवणाऱ्या घरच्यांशी रोजची भांडणं.

कुणाकडे असेल तर लिहा.

चिवडा_विदाउट_शेंगदाणे | ५ जुलै, २२:५१

खोली तापवतं हे वाचून पुढे वाचायचं थांबलो होतो :) मुंबईत जुलैत आधीच घामाच्या धारा. त्यात २२ हजार देऊन हीटर कोण घेईल? एसीला ड्राय मोड असतो की, तो लावा. ह.घ्या. (हलके घ्या.)

आबोली_ | ५ जुलै, २३:०५

छान माहिती, पागोळी. आमच्याकडे बेडरूमच्या एका भिंतीला दर वर्षी पोपडे येतात. मुलाला दम्याचा त्रास आहे. याने भिंत सुकेल का? मी खूप गंभीरपणे विचार करतेय घ्यायचा.

दवबिंदू | ६ जुलै, ००:२०

हा माझ्या धंद्यातला विषय (एचव्हीएसीत, म्हणजे एसी-वायुवीजनाच्या कामात आहे), त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो.

आधी एक हिशेब. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. २७ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. ९० टक्के आर्द्रता म्हणजे २३ ग्रॅम, ५५ टक्के म्हणजे १४ ग्रॅम. फरक ९ ग्रॅम, गुणिले ३४: जेमतेम ३०० ग्रॅम. खोलीभर हवेतलं जास्तीचं पाणी दीड पेलाभर असतं फक्त. मग पागोळींची टाकी दिवसातून दोनदा कशी भरली? ते पाणी गादीत, पुस्तकांत, लाकडात, गिलाव्यात मुरलेलं होतं. हवा कोरडी झाली की या वस्तू आपलं पाणी सोडायला लागतात. म्हणून पहिले काही दिवस आकडा हलत नाही आणि लोक "मशीन खराब आहे" म्हणून परत करतात. धीर धरायचा.

याच हिशेबातून खिडकीचंही कळतं. तासाभरात खोलीतली हवा एकदा बदलली तर तेवढंच पाणी, तीनशे ग्रॅम, दर तासाला नव्याने आत येतं. खिडकी सताड उघडी असेल तर कितीतरी पट. म्हणजे तुम्ही अरबी समुद्र सुकवायला बसलात.

आता उष्णतेबद्दल. एक लिटर बाष्पाचं पाणी होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता बाहेर पडते. मशीनने ६ लिटर पाणी काढलं आणि ३ युनिट वीज खाल्ली, तर खोलीत एकूण ७ युनिटं उष्णता आली. दहा तास धरले तर ७०० वॅटचा हीटर चालू ठेवल्यासारखं. त्यामुळे चिवडासाहेबांचा मुद्दा अगदीच बिनबुडाचा नाही. माणसं बसतात त्या खोलीत एसी बरा. सामान असलेल्या, कपडे वाळवायच्या, बंद राहणाऱ्या खोलीत डिह्युमिडिफायर बरा.

ड्राय मोड: एसी ड्रायवर पंखा हळू करून पाणी काढतो, पण खोलीही गार करतो. बाहेर आधीच २५ अंश असेल तर तो थोड्या वेळात कॉम्प्रेसर बंद करतो, आणि पंखा फिरत राहिला तर कॉइलवरचं (गार नळ्यांवरचं) पाणी परत हवेत जातं. इन्व्हर्टर एसी कमी भारावर चालताना कॉइल फार गार ठेवत नाही, त्यामुळे २६ वर लावून खोली गार पण ओलसर, चादर चिकट, असा अनुभव खूप जणांना येतो.

अवांतर: एसीचा जन्मच मुळात आर्द्रतेच्या भांडणातून झाला. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा-आक्रसायचा आणि रंगीत छपाईत एक रंग दुसऱ्यावर नीट बसायचा नाही. त्यावर विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने यंत्रणा आखली. माणसांना गारवा मिळणं नंतरचं.

आबोली, तुमच्या भिंतीबद्दल उद्या लिहितो. तोवर घेऊ नका.

चिवडा_विदाउट_शेंगदाणे | ६ जुलै, ०८:१२

अरबी समुद्र :)) बरं, शब्द मागे. पण आमच्या १ बीएचकेत "माणसं बसतात ती खोली" आणि "सामान असलेली खोली" एकच आहे, त्याचं काय?

पागोळी | ६ जुलै, ०९:३०

@चिवडा, ऑफिसला जाताना लावा, आल्यावर बंद करा. माझ्या बहिणीचं कांदिवलीला असंच चालतं. घरी येईपर्यंत कपडे वाळलेले, मग खिडकी उघडून तासभर पंखा, मग एसी.

टेम्सकाठची | ६ जुलै, १४:४५

लंडनहून. इथे तर हे घरोघरी असतं, कारण वेगळं. इथला प्रॉब्लेम थंडीत. गॅलरी नाही, ऊन नाही, कपडे रेडिएटरवर वाळवायचे. मग ते सगळं पाणी खिडकीच्या काचेवर आणि बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात जमतं, आणि तिथे काळी बुरशी.

इथे घरमालकापासून सगळे सांगतात, रोज सकाळी दहा मिनिटं खिडक्या उघडा. मला आधी हसू यायचं, बाहेर तर सतत रिपरिप. पण आर्द्रतेचं गणित दवबिंदूंनी मांडलंय तसं करून पाहिलं. बाहेर ५ अंशाला ९० टक्के आर्द्रता म्हणजे घनमीटरला फक्त ६ ग्रॅम पाणी. तीच हवा आत येऊन २० अंशाला तापली की तिची आर्द्रता ३५ टक्के! म्हणजे लंडनमध्ये पावसातही खिडकी उघडली की घर सुकतं. आईने ठाण्यात हाच सल्ला जुलैत पाळला तर घर भिजणार. यूट्यूबवरचे ब्रिटिश व्हिडिओ बघून कोकणात खिडक्या उघडणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

दुसरं: इथे थंड खोलीसाठी वेगळ्या जातीचं मशीन मिळतं. त्यात कॉम्प्रेसर नसतो, जिओलाइटचं (ओल शोषणाऱ्या खनिजाचं) फिरतं चाक पाणी शोषतं आणि आतला हीटर ते चाक सुकवत राहतो. कॉम्प्रेसरवालं १५ अंशांच्या खाली गेलं की नळ्यांवर बर्फ धरतो आणि पाणी कमी निघतं. चाकवाल्याला त्याचा त्रास नाही, पण वीज जास्त खातं आणि हवाही जास्त गरम सोडतं. भारतात याची गरज बहुतेक नाही. महाबळेश्वरवाल्यांनी विचार करावा.

तळघरवाला | ६ जुलै, १९:०२

न्यू जर्सीतून हजेरी. आमच्याकडे तळघर म्हणजे दुसरं घरच, आणि उन्हाळ्यात गार भिंती + बाहेरची दमट हवा = वास. एप्रिल ते ऑक्टोबर डिह्यु (आता हेच नाव ठेवूया) चालू असतो, पाइप थेट संपमध्ये (तळघरातल्या पाण्याच्या खड्ड्यात) सोडलाय. टाकी ओतणे हा प्रकार मी कधीच सोडला.

आकड्यांचा एक घोळ सांगतो. इथे क्षमता पिंटमध्ये असते, एक पिंट ४७३ मिलिलिटर. २०१९ पासून सरकारी चाचणीचं तापमान २६-२७ अंशांवरून सुमारे १८ अंशांवर आणलं, त्यामुळे जे मशीन आधी ७० पिंटचं म्हणून विकत ते रातोरात ५० पिंटचं झालं. मशीन तेच! भारतात खोक्यावर जे लिटर लिहितात ते बहुतेक ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. खोली ५५-६० टक्क्यांवर आली की त्याच्या निम्मं पाणी निघालं तरी मशीन उत्तम चाललंय असं समजा.

आणि सुरक्षेचं. ग्री या चिनी कंपनीने बनवलेली वीस लाखांहून जास्त डिह्यु २०१३ मध्ये अमेरिकेत परत मागवली गेली, आग लागण्याचा धोका होता म्हणून. ती डझनभर वेगवेगळ्या ब्रँडच्या नावांनी विकली गेली होती. २०२१ मध्ये न्यू वाइडटेकची अशीच वीसेक लाख. त्यामुळे जुनं सेकंडहँड मशीन घेताना मॉडेल नंबर टाकून बघाच. एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका, थेट भिंतीतल्या प्लगवर लावा.

नाना_गुहागरकर | ६ जुलै, २१:४०

वाचतोय सगळं. आमचा प्रश्न वेगळा आहे, आणि मला वाटतं इथल्या निम्म्या कोकणकरांचा तोच असेल.

गुहागरला वाडवडिलांचं घर. आम्ही मुंबईत. शिमग्याला जातो, मे महिन्यात पोरं जातात, त्यानंतर घर बंद ते थेट गणपतीला उघडतं. दार उघडलं की वास येतो तो शब्दांत सांगता येत नाही. गाद्या काळ्या, देवघराच्या लाकडाला बुरशी, फोटोंच्या काचेच्या आत डाग, माळ्यावरची भांडी हिरवी. गणपतीच्या आदल्या दिवशी सगळं घर घासत बसायचं. आमच्या लहानपणी बारा महिने घरात चूल पेटलेली असायची, धूर असायचा, माणसं असायची, म्हणून हे होत नसे. आता चूल नाही आणि माणूसही नाही.

तर हे मशीन चालू करून दार लावून मुंबईला आलं, तर चालेल का?

दवबिंदू | ६ जुलै, २२:३५

नाना, सरळ उत्तर: अख्ख्या कौलारू घरासाठी नाही. कौलांच्या फटींतून हवा ये-जा करते, ते घर कितीही मशीनं लावली तरी सुकणार नाही. पण स्लॅबची किंवा फॉल सीलिंगची एखादी खोली असेल, खिडक्या घट्ट लागत असतील, तर गाद्या, फोटो, कपडे सगळं मेअखेरीस त्या एका खोलीत हलवा आणि तिथे लावा. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी.

मग या गोष्टी बघून घ्या:

टाकीवर चालणारं मशीन टाकी भरली की थांबतं. तुम्ही मुंबईत, मशीन दुसऱ्या दिवशी थांबलेलं. त्यामुळे मागे पाइप लावायची सोय हवीच, आणि पाइपाला सलग उतार हवा. मध्ये कुठे वर चढला की पाणी तुंबलं.

वीज. गुहागरला पावसात दिवसातून किती वेळा जाते ते तुम्हीच सांगा. बटणाच्या जागी टच पॅनल असलेली काही मशीनं वीज परत आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, कुणीतरी बटण दाबेपर्यंत गप्प राहतात. दुकानातच प्लग काढून, दोन मिनिटांनी परत लावून बघा. काही मशीनं बंद होताना जे सेटिंग होतं तेच धरून पुन्हा चालू होतात, ती घ्या.

विजा. कोकणात मे-जूनच्या आणि परतीच्या पावसात सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर मशीन वाचवणारं उपकरण) आणि नीट अर्थिंग हवं.

आणि तरीही, आठवड्यातून एकदा कुणीतरी येऊन बघणारं हवं. तळघरवाल्यांनी लिहिलंय ते आगीचं विसरू नका. चार महिने कुणी न बघता कुठलंच मोटारीचं यंत्र चालू ठेवू नये असं माझं मत. तसं कुणी मिळत नसेल तर गाद्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, आत सिलिका जेल, तोंड घट्ट. पैसे वाचतील.

नाना_गुहागरकर | ६ जुलै, २२:५८

शेजारचा मुलगा माड बघायला येतोच, त्याला सांगता येईल. वीज किती वेळा जाते म्हणता? कधी येते ते विचारा.

दवबिंदू | ७ जुलै, ०७:५०

:) आता आबोलींची भिंत.

पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. हातभर जाड प्लॅस्टिकचा कागद त्या भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, दोन-तीन दिवस ठेवा. काढताना मागच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतूनच येतेय. पुढच्या बाजूला, म्हणजे खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर हवेतलं बाष्प गार भिंतीवर जमतंय. दुसऱ्या प्रकारात डिह्यु कामाचा. पहिल्या प्रकारात नाही.

उलट नुकसान होऊ शकतं. भिंतीच्या आतल्या पाण्यात क्षार असतात. खोलीतली हवा कोरडी केली की पाणी वेगाने बाहेर खेचलं जातं आणि क्षार पृष्ठभागाशी साठतात, म्हणजे लोणा (भिंतीवरचा पांढरा क्षार) वाढतो, गिलाव्याला फुगे येतात.

आबोली_ | ९ जुलै, २०:१५

प्लॅस्टिक लावलं होतं. मागच्या बाजूला चक्क ओघळ! वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूमची भिंत नेमकी तिथेच आहे हे नवऱ्याच्या लक्षात आलं. आता सोसायटी म्हणते वरच्यांनी करायचं, वरचे म्हणतात पाइप सोसायटीचा. गेले चार पावसाळे पेंटरला पैसे देतोय आम्ही. तो दर वर्षी "वॉटरप्रूफ पेंट" मारून जातो.

तळघरवाला | ९ जुलै, २०:४०

आबोली, मुलाला दमा आहे तर दोन गोष्टी तोवर करा. त्या भिंतीवर बुरशी असेल तर ती कोरड्या झाडूने किंवा ब्रशने झटकू नका, तिचे बीजाणू हवेत उडतात. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या, मास्क लावा. आणि त्याचा पलंग त्या भिंतीपासून लांब.

षड्ज_पंचम | १० जुलै, ११:३०

वाद्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी तबला शिकवतो, घरात दोन तानपुरेही आहेत.

पावसाळ्यात तबल्याची पुडी (वरचं चामडं) ओल धरून सैल पडते. मैफलीआधी काळी चार या सुराला मिळवलेला तबला तासाभरात उतरतो, मग गठ्ठे ठोकत बसा. विद्यार्थी वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची दोरी) इतकी ओढतात की ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाल्यावर पुडी ताणून फाटते. खोली ५०-५५ टक्क्यांवर ठेवल्यापासून हा ऑक्टोबरचा धक्का फारसा बसत नाही.

पण एक इशारा. मशीनवर ३५-४० असेही आकडे असतात, ते वाद्यांच्या खोलीत लावू नका. तानपुऱ्याचा भोपळा आणि तबलीचं (त्यावरच्या फळीचं) लाकूड वेगवेगळ्या वेगाने आक्रसतात, सांध्यावर चीर जाते. मशीनची गरम हवा थेट वाद्यावर येईल असंही ठेवू नका. कमी म्हणजे चांगलं असं नसतं इथे. आर्द्रता दिवसभरात फार वर-खाली होऊ न देणं महत्त्वाचं.

पागोळी, पेटीच्या पट्ट्या आता कशा आहेत? भात्याच्या घड्यांतही बघा, तिथे कागद-कापड-सरस असतो, बुरशीचं आवडतं ठिकाण.

पागोळी | १० जुलै, १३:०५

पट्ट्या मोकळ्या झाल्या, पण एक सूर अजून बसका आहे. भाता उघडून बघते, धन्यवाद. नवऱ्याची भर: कॅमेऱ्याच्या लेन्स मात्र खोलीवर सोडू नका, त्यांना ४०-५० टक्के लागतात. तो त्या वेगळ्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवतो. लेन्सच्या आत बुरशीचं जाळं धरलं की ती काचेवरचा लेप खाते, मग साफ करूनही डाग राहतो.

लिंबूटिंबू_२ | १० जुलै, २२:१०

ऑनलाइन तीन-चार हजारात छोटे डिह्यु मिळतात, फोटोत अगदी फुलदाणीएवढे गोंडस. ते कसे? माझं बजेट तेवढंच आहे.

दवबिंदू | १० जुलै, २२:३०

त्यात कॉम्प्रेसर नसतो, पेल्टियर नावाची चकती असते. एक बाजू गार, एक गरम. दिवसाला पाव लिटर पाणी निघालं तर नशीब. वर दिलेला हिशेब बघा, खोलीत तासाला त्याहून जास्त पाणी आत येतं. बंद कपाट, बुटांचा कप्पा यासाठी ठीक. खोलीसाठी पैसे वाया.

टेम्सकाठची | ११ जुलै, ००:४०

कपाटासाठी ते पांढऱ्या खड्यांचे डबेही मिळतात, खालच्या कप्प्यात पाणी जमतं ते. कॅल्शियम क्लोराइड असतं त्यात. काम करतात, पण डबा कलंडला आणि ते पाणी चामड्यावर किंवा जरीवर सांडलं तर वस्तू गेली म्हणून समजा. ते पाणी साधं पाणी नाही, तीव्र खारं द्रावण असतं. डबा सर्वांत खालच्या फळीवर, पसरट ताटलीत ठेवायचा. साड्यांच्या वर कधीच नाही.

बॅटरीबाबा | ११ जुलै, ०९:१५

मशीनमधलं पाणी डिस्टिल्डच झालं ना? मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालता येईल. एसीचं तर मी बरीच वर्षं घालतोय. फुकट सोडायचं कशाला?

दवबिंदू | ११ जुलै, ०९:४०

नका हो. वाफेचं झालं तरी ते तांब्या-अॅल्युमिनियमच्या नळ्या-पत्र्यांवरून, त्यांवरच्या धुळीतून ओघळून येतं. धातूचे अंश बॅटरीच्या प्लेटींना बाधतात. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन कितीला येतो आणि बॅटरी कितीला!

बॅटरीबाबा | ११ जुलै, ०९:५५

माझी बॅटरी अजून चालू आहे.

चिवडा_विदाउट_शेंगदाणे | ११ जुलै, १०:०२

*पॉपकॉर्न घेऊन बसलोय*

पागोळी | ११ जुलै, १०:३०

बॅटरीचं दोघं वेगळ्या धाग्यावर भांडा :) आमच्याकडे ते पाणी फरशी पुसायला आणि फ्लशला जातं. पिऊ नका, कुत्र्या-मांजराच्या वाडग्यात घालू नका. टाकी आठवड्याला साबणाने घासून धुवावी लागते, नाहीतर तळाला बुळबुळीत थर धरतो. मागची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची. जाळी तुंबली की मशीन तेवढीच वीज खाऊन निम्मं पाणी काढतं.

रच्याकने (जाता जाता), आर्द्रता मोजायचं घड्याळासारखं यंत्र तीन-चारशे रुपयांत मिळतं, मशीनच्या आकड्यावर विसंबू नका. ते बरोबर दाखवतं का हे घरी तपासता येतं: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा (विरघळू द्यायचं नाही). झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. माझं ७१ दाखवत होतं, मी मागे "+४" लिहून चिकटवलंय.

चिवडा_विदाउट_शेंगदाणे | १२ जुलै, २३:२०

मिठाचा प्रयोग केला. ७६! ऑफिसला जाताना घरातली आर्द्रता ८९ होती, खिडक्या बंद करूनही. बायको म्हणते कपडे वाळणार असतील तर आजच मागव. एक विचारायचं होतं, वॉशिंग मशीनमधून काढलेल्या एका खेपेच्या कपड्यांत पाणी असतं तरी किती?

टेम्सकाठची | १३ जुलै, ०३:१५

स्पिन नीट झालं असेल तर पाच किलो कपड्यांत अडीच-तीन लिटर. त्यामुळे शेवटचा स्पिन जास्तीत जास्त वेगाचा लावा, ते पाणी काढायला वॉशिंग मशीनला नगण्य वीज लागते. मग लहानात लहान खोली, दार बंद, कपडे एकमेकांना न चिकटता, टेबलफॅनचा वारा कपड्यांवर. जीन्सचे खिसे उलटे. माझं पाच-सहा तासांत होतं, दीड युनिटभर जातं.

चिवडा_विदाउट_शेंगदाणे | १३ जुलै, ०८:४५

धन्यवाद. १० बाय ११ ची खोली, १२ लिटरचं पुरेल की २० चं घेऊ? आणि एसीसारखा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो का? बेडरूममध्ये एकच आहे, तो एसीने अडवलाय.

दवबिंदू | १३ जुलै, ०९:१०

फक्त खोली असती तर १२ पुरलं असतं, रोज कपडे वाळवणार असाल तर २० घ्या. साधारण ३०० वॅट लागतात, साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर चालतं. मशीन आल्यावर लगेच लावू नका. टेम्पोत ते कुणी आडवं टाकलं होतं ते आपल्याला कळत नाही, दिवसभर उभं ठेवून मग सुरू करा. आणि भिंतीपासून वीतभर लांब.

नाना_गुहागरकर | १३ जुलै, २१:३०

आमच्या माजघरामागच्या खोलीला स्लॅब आहे, पण खिडकी लाकडी, फुगलेली, नीट लागत नाही. सुतार आता पावसात येणार नाही. म्हणजे यंदाचा गणपती नेहमीसारखाच. पुढच्या एप्रिलात ती खिडकी अॅल्युमिनियमची करून घेतो आणि मग या धाग्यावर परत येतो. पागोळीताई, तुमच्या मशीनला पाइप लावायचं भोक मागे आहे की बाजूला, आणि पाइप सोबत देतात का, तेवढं सांगून ठेवा.

पागोळी | १३ जुलै, २२:०५

नाना, मागेच आहे, खालच्या बाजूला, रबरी बूच काढायचं. पाइप सोबत देतात पण हातभरच. हार्डवेअरच्या दुकानातून बागेचा पाइप मिळतो, भोकाचा माप घेऊन जा आणि क्लिप घट्ट आवळा. मोरीपेक्षा मशीन थोडं उंचावर ठेवा, आमचं विटांच्या दोन थरांवर ठेवलंय.